परक्या भाषेतील चतुर्थी कशी ओळखावी आणि कशी वापरावी

संस्कृत, जर्मन, रशियन, तुर्की किंवा तमिळ यांपैकी कोणतीही भाषा शिकायला घेतली, की पहिल्या काही धड्यांतच चतुर्थी विभक्ती समोर येते. पाठ्यपुस्तक बहुधा एका ओळीत तिची व्याख्या देते: ज्याला काही दिले जाते, त्याची विभक्ती ती चतुर्थी. ही व्याख्या चूक नाही, पण अपुरी आहे. आणि तेवढ्यावर विसंबणारा शिकाऊ लवकरच अडतो, कारण थंडी वाजणे, वय सांगणे, शाळेत असणे, मदत करणे अशा, देण्याशी वरकरणी काहीच संबंध नसलेल्या ठिकाणीही त्याला चतुर्थी भेटते. म्हणून माझा आग्रह असा, की कोणत्याही भाषेतील चतुर्थी शिकताना प्रत्ययांच्या तक्त्यापासून सुरुवात करू नये. आधी चतुर्थी कोणती कामे करू शकते याची यादी मनाशी पक्की करावी, आणि मग ही भाषा त्यांपैकी कोणती कामे चतुर्थीला देते व कोणती दुसऱ्या विभक्तीकडे किंवा शब्दयोगी अव्ययाकडे सोपवते, हे एकेक करून तपासावे.

आधी आपला ‘ला’ तपासा

मराठी वाचकाला एक अडचण घरातूनच मिळालेली असते. शालेय व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींचे प्रत्यय सारखेच दिलेले असतात: एकवचनी स, ला, ते आणि अनेकवचनी स, ला, ना, ते. ‘मी मुलाला पाहिले’ यातील ‘मुलाला’ हे कर्म आहे, तर ‘मी मुलाला पुस्तक दिले’ यातील ‘मुलाला’ हे संप्रदान, म्हणजे घेणारा, आहे. रूप मात्र एकच. मराठीत हा फरक कानाला जाणवत नसल्यामुळे, जिथे तो जाणवतो अशा भाषेत आपण चुकतो. संस्कृतात ‘बालकं पश्यामि’ पण ‘बालकाय पुस्तकं यच्छामि’, तमिळमध्ये पाहिले तर ‘अवनै’ पण दिले तर ‘अवनुक्कु’, आणि जर्मनमध्ये माणसाला पाहिले तर ‘देन मान’ व दिले तर ‘देम मान’, यांत फक्त शेवटच्या अनुनासिकाचा फरक असतो, पण तो चुकला तर वाक्य चुकते.

यावर एक सोपी कसोटी आहे. वाक्यातील माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवावी आणि ‘ला’ गाळता येतो का ते पाहावे. ‘मी मुलाला पाहिले’ याऐवजी ‘मी घर पाहिले’ असे म्हटले, की ‘ला’ सहज गळून पडतो. म्हणजे ते कर्म होते. ‘मी मुलाला बक्षीस दिले’ याच्या साच्यात ‘मी भिंतीला रंग दिला’ हे वाक्य ठेवले तर भिंत निर्जीव असूनही ‘ला’ निघत नाही. ‘मी भिंत रंग दिला’ असे कोणीही म्हणणार नाही. म्हणजे ती खरी चतुर्थी आहे. काही वेळा निर्जीव कर्मालाही ‘ला’ लागतो, जसे ‘त्याने खुर्चीला ढकलले’. पण तेथे ‘त्याने खुर्ची ढकलली’ हा पर्याय मोकळा असतो. गाळता येणारा ‘ला’ द्वितीयेचा आणि न गाळता येणारा चतुर्थीचा, एवढे ध्यानात ठेवले तरी बहुतेक वाक्यांत वाट सापडते. बहुतेक म्हणण्याचे कारण पुढे क्रियापदांच्या संदर्भात येईलच.

हा घोटाळा केवळ मराठीचा नाही. हिंदीतील ‘को’ हेच करतो. स्पॅनिशमध्येही माणूस कर्म असला तर त्याच्याआधी ‘आ’ हे अव्यय येते आणि माणसाला काही दिले तरी तेच ‘आ’ येते. तेथे सर्वनाम कसोटीला येते: मुलीला पाहिले तर ‘ला वेओ’, पण तिला पुस्तक दिले तर ‘ले दोय एल लिब्रो’. नामात लपलेला भेद सर्वनामात उघडा पडतो, ही गोष्ट अनेक भाषांमध्ये उपयोगी पडते.

देणे

देण्याचे काम हे चतुर्थीचे मूळ क्षेत्र, आणि येथे भाषांमध्ये फारसे मतभेद नाहीत. पाणिनीने संप्रदानाची व्याख्या ‘कर्मणा यमभिप्रैति स सम्प्रदानम्’ अशी केली: कर्माच्या द्वारे कर्त्याला ज्याच्यापर्यंत पोहोचायचे असते तो संप्रदान. या सूत्रावर परंपरेत झालेला ऊहापोह आजच्या शिकाऊलाही उद्बोधक आहे. ‘रजकस्य वस्त्रं ददाति’ या प्रसिद्ध उदाहरणात परटाला चतुर्थी नाही, षष्ठी आहे. कारण कपडे धुवून परत यायचे असतात, त्यांवरचा हक्क सोडलेला नसतो. उलट ‘शिष्याय चपेटां ददाति’, म्हणजे शिष्याला चापट देतो, असा प्रयोगही परंपरेत मान्य आहे, आणि तेथे हक्क सोडण्याचा प्रश्नच येत नाही. ‘देणे’ ही एकच साधी क्रिया नसून तिला पायऱ्या आहेत, आणि चतुर्थी कोणत्या पायरीपर्यंत पोहोचते हे प्रत्येक भाषा स्वतः ठरवते, एवढे या चर्चेतून घ्यावे. मराठी येथे उदार आहे. परटाला कपडे, शिष्याला चापट आणि मित्राला सल्ला, सगळीकडे ‘ला’च.

रूपांच्या बाबतीत प्रत्येक भाषेची एखादी नेमकी अडचण असते, ती आधीच हेरून ठेवावी. जर्मनमध्ये विभक्ती मुख्यतः उपपदात, म्हणजे नामाआधी येणाऱ्या छोट्या शब्दात, दिसते: पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामापूर्वी ‘देम’, स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘देर’, अनेकवचनात ‘देन’, आणि अनेकवचनी नामाला बहुधा शेवटी आणखी एक ‘न’. यातील ‘देर’ फसवा आहे, कारण पुल्लिंगी प्रथमेचे उपपदही तेच. ‘देर फ्राउ’ (फ्राउ म्हणजे बाई) दिसले, की पुल्लिंग समजू नये, चतुर्थी समजावी. तुर्कीमध्ये ‘ए’ किंवा ‘आ’ हा प्रत्यय नामातील शेवटच्या स्वराला जुळवून लागतो: घर म्हणजे ‘एव्ह’ त्याचे ‘एव्हे’, शाळा म्हणजे ‘ओकुल’ तिचे ‘ओकुला’. बास्कमध्ये तर प्रत्यय पुरेसा नसतो, क्रियापदालाही घेणाऱ्याची खूण लागते. त्याला दिले तर ‘एमान दिओत’, तुम्हाला दिले तर ‘एमान दिसुत’. म्हणजे घेणारा बदलला, की सहायक क्रियापद बदलते. फिनिशमध्ये स्वतंत्र चतुर्थी नाही, ‘वर, कडे’ अशा अर्थाची ‘ल्ले’ ही स्थलवाचक विभक्तीच घेणाऱ्यासाठी वापरतात. अशा भाषेत चतुर्थी शोधत बसण्यापेक्षा ‘घेणाऱ्याची खूण कोणती’ असा प्रश्न विचारावा.

अनुभव घेणारा

हे मला चतुर्थीचे सर्वांत समृद्ध क्षेत्र वाटते, आणि मराठी माणूस येथे पाश्चात्त्य शिकाऊच्या कितीतरी पुढे असतो. ‘मला भूक लागली’, ‘तिला राग आला’, ‘त्याला ते आठवले’, ‘आम्हाला ते पटले’ या वाक्यांत माणूस काही करत नाही. त्याच्यावर काही येते, त्याला काही लागते. इंग्रजीत विचार करणाऱ्याला ही रचना मुद्दाम शिकावी लागते. आपल्याला फक्त ती ओळखावी लागते.

रशियनमध्ये ‘म्न्ये खोलद्ना’, जर्मनमध्ये ‘मिर इस्ट काल्ट’, आइसलँडिकमध्ये ‘म्येर एर काल्ट’: तिन्हींचा अर्थ ‘मला थंडी वाजते’, आणि तिन्हींत ‘मला’ चतुर्थीत आहे. जर्मनमध्ये प्रथमा वापरून ‘इश बिन काल्ट’ म्हटले तर ‘माझा स्वभाव थंड आहे’ किंवा ‘माझे अंग गार आहे’ असा भलताच अर्थ होऊ शकतो. दक्षिण आशियात तर ही रचना भाषाकुळांच्या सीमा ओलांडून पसरली आहे. भाषावैज्ञानिक कॉलिन मसिका यांनी 1976 साली या प्रदेशाच्या भाषिक एकतेच्या खुणा मांडल्या, त्यांत तिचाही समावेश होता. कन्नडमध्ये ‘ननगे कन्नड बरुत्तदे’, तेलुगूमध्ये ‘नाकु तेलुगु वच्चु’ आणि मराठीत ‘मला मराठी येते’. या तिन्ही भाषांमध्ये माणूस चतुर्थीत आहे आणि भाषा त्याच्याकडे ‘येते’, हे पाहून मला दरवेळी आनंद होतो. तमिळ मात्र ‘एनक्कु तमिळ तेरियुम’ म्हणते, म्हणजे ‘मला तमिळ ठाऊक आहे’. चतुर्थी तीच, क्रियापद वेगळे.

पण जवळची भाषा म्हणून गृहीत धरू नये. बंगालीत भूक लागली तर ‘आमार खिदे पेयेछे’, म्हणजे माणूस षष्ठीत. मराठीच्या सवयीने तेथे ‘आमाके’ म्हटले तर ऐकणाऱ्याला खटकते. उलट संस्कृतात ‘आवडणे’ या अर्थाच्या रुच् धातूबरोबर, ज्याला आवडते त्याची चतुर्थी होते आणि त्यासाठी पाणिनीने ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ हे स्वतंत्र सूत्रच दिले आहे.

या रचनेत क्रियापद कोणाशी जुळते, हे काटेकोरपणे पाहावे. मराठीत ‘मला तो ग्रंथ आवडला’, ‘मला ती कविता आवडली’, ‘मला ते चित्र आवडले’; मी कोणीही असो, क्रियापद आवडलेल्या वस्तूचे लिंग-वचन घेते. स्पॅनिशमध्ये एक पुस्तक आवडते तर ‘मे गुस्ता’, अनेक आवडतात तर ‘मे गुस्तान’. रशियन भूतकाळात पुस्तक स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘म्न्ये पनरावीलस क्नीगा’. मराठी नियम जसाच्या तसा नेला तरी या दोन्ही भाषांत उत्तर बरोबर येते. पण आइसलँडिकमध्ये ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात जुळायला प्रथमान्त काही नसतेच. तेव्हा क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी राहते.

येथे एक बारकावा आहे, तो पुढच्या अभ्यासाला फार उपयोगी पडतो. ‘ते ऐकून मला राग आला’ या वाक्यात ऐकणारा कोण? राग नव्हे, मी. ‘तिला आपले घर आवडते’ यात ‘आपले’ म्हणजे कोणाचे? तिचेच. म्हणजे रूपाने चतुर्थीत असलेला हा माणूस वाक्यात पुष्कळसे कर्त्याचे काम करतो. आइसलँडिकमध्ये हे इतके ठळक आहे, की तेथील चतुर्थ्यन्त पदाला व्याकरणकार सरळ कर्ता मानतात. जर्मनमध्ये मात्र दिसायला तसेच असलेले पद त्या कसोट्यांना पूर्ण उतरत नाही. नवी भाषा शिकताना ‘आपला’ आणि ‘-ऊन’ यांसारखी रूपे असलेली दोन वाक्ये जाणकाराला विचारून घ्यावीत. त्या भाषेत अनुभवणाऱ्याला किती मान आहे हे लगेच कळते. आइसलँडिकमध्येच आणखी एक हालचाल चालू आहे: इच्छा होणे, उणीव भासणे अशा काही क्रियापदांबरोबर परंपरेने द्वितीया येते, पण अनेक बोलणारे तेथे चतुर्थी वापरतात, आणि शुद्धतेचा आग्रह धरणारे त्याला ‘चतुर्थीचा आजार’ म्हणतात. मला तो आजार वाटत नाही. अनुभव घेणाऱ्याची विभक्ती कोणती, याबद्दल बोलणाऱ्यांच्या मनात पक्का झालेला नियमच त्यातून दिसतो.

मालकी, वय, कर्तव्य

‘मला दोन भाऊ आहेत’ ही रचना लॅटिनमध्ये ‘मिही लिबेर एस्त’, म्हणजे ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, अशी आढळते. हंगेरियनमध्येही मालक चतुर्थीत असतो, आणि वस्तूलाही मालकाचा प्रत्यय लागतो. हिब्रूमध्ये विभक्तिप्रत्यय नाहीत, तरी ‘येश ली’, म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, यातील ‘ल’ हे अव्यय तेच काम करते. रशियनमध्ये वय चतुर्थीने सांगतात, ‘म्न्ये द्वात्सात ल्येत’, म्हणजे ‘मला वीस वर्षे’. आपल्या ‘त्याला विसावे वर्ष लागले’ या वाक्याच्या आधारे ते चटकन लक्षात राहते. कर्तव्याच्या बाबतीत लॅटिनचे ‘मिही स्क्रिबेन्दुम एस्त’ आणि मराठीचे ‘मला लिहायचे आहे’ यांची घडण इतकी मिळतीजुळती आहे, की मराठीतून लॅटिन शिकणाऱ्याने इंग्रजीची मध्यस्थी घेऊच नये. संस्कृतात मात्र ‘मया लेखनीयम्’ अशी तृतीया येते, तेथे सावध राहावे.

दिशा आणि स्थान

‘गावाला जातो’ हा मराठी प्रयोग संस्कृतातील ‘ग्रामाय गच्छति’ याच्याशी जुळतो. पाणिनीने गत्यर्थक धातूंबरोबर द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही मान्य केल्या आहेत, म्हणून ‘ग्रामं गच्छति’ हेही शुद्ध आहे. तुर्कीत दिशा हे चतुर्थीचे रोजचे काम आहे. रशियनमध्ये माणसाकडे जायचे असेल तर ‘क’ हे अव्यय आणि चतुर्थी, पण शहरात किंवा इमारतीत जायचे असेल तर वेगळे अव्यय आणि द्वितीया.

जर्मनमध्ये आपली सवय उलटी पडते. तेथे नऊ अव्यये अशी आहेत, की ती गंतव्य दाखवताना द्वितीया आणि ठिकाण दाखवताना चतुर्थी घेतात. ‘शाळेत जातो’ याला ‘इन दी शूले’, द्वितीया. ‘शाळेत आहे’ याला ‘इन देर शूले’, चतुर्थी. दिशा म्हणजे चतुर्थी या मराठी जाणिवेच्या हे बरोबर विरुद्ध आहे. कारण ऐतिहासिक आहे: जर्मन ज्या भाषाकुळातली आहे, त्याच्या मूळ भाषेत अधिकरण (ठिकाण), करण (साधन), अपादान (जेथून निघाले ते) यांच्या स्वतंत्र विभक्ती होत्या, आणि जर्मनच्या पूर्वजांमध्ये त्या झिजून त्यांचे काम चतुर्थीच्या रूपांकडे आले. म्हणूनच ‘सह’ या अर्थाचे ‘मिट’, ‘मधून’ या अर्थाचे ‘आउस’ आणि ‘पासून’ या अर्थाचे ‘फोन’ हीदेखील चतुर्थीच घेतात. जर्मन चतुर्थी हे अनेक जुन्या विभक्तींचे एकत्र कुटुंब आहे असे मानले, की तिचा विक्षिप्तपणा राहत नाही.

हेतू

‘यागाय याति’, म्हणजे यज्ञ करण्यासाठी जातो, हा संस्कृत प्रयोग पुस्तकी वाटतो, पण आपण रोज तेच करतो. ‘तो फिरायला गेला’ यातील ‘फिरायला’ आणि जुन्या लिखाणातील ‘फिरावयास’ यांकडे नीट पाहावे: शेवटी ‘ला’ आणि ‘स’ हे चतुर्थीचेच प्रत्यय आहेत, फक्त ते क्रियेच्या नावाला लागले आहेत. वेदभाषेतही ‘पातवे’, म्हणजे पिण्यासाठी, अशी रूपे मुळात चतुर्थ्यन्तच आहेत. लॅटिनमध्ये तर हेतू आणि ज्याचे हित ती व्यक्ती, अशा दोन चतुर्थी एकाच वाक्यात शेजारी येतात. ‘कुइ बोनो’, म्हणजे ‘हे कोणाच्या फायद्याचे’, हा न्यायालयीन चर्चेत अजून ऐकू येणारा प्रश्न त्याच घडणीचा आहे.

क्रियापदांची वही

आतापर्यंतची कामे अर्थावरून ओळखता येतात. पुष्कळ क्रियापदांच्या बाबतीत मात्र अर्थ पुरत नाही, आणि येथे वही घालावीच लागते. ‘विचारणे’ घ्या. मराठीत ‘आईला विचार’, तुर्कीत ‘सोरमाक’ला चतुर्थी लागते, पण जर्मन ‘फ्रागन’ द्वितीया घेते, आणि संस्कृतात ‘माणवकं पन्थानं पृच्छति’ असे दोन्ही द्वितीयान्त येतात. ‘भेटणे’ घ्या: मराठीत ‘मित्राला भेटतो’, जपानीत तेच ‘तोमोदाची नी आउ’, ‘नी’ हीच घेणाऱ्याचीही खूण, जर्मनमध्ये ‘ट्रेफन’ला द्वितीया आणि जवळजवळ त्याच अर्थाच्या ‘बेगेग्नन’ला चतुर्थी. ‘घाबरणे’ घ्या: मराठीत ‘वाघाला घाबरतो’, संस्कृतात ‘व्याघ्राद् बिभेति’ अशी पंचमी, तुर्कीतही पंचमीच्या अर्थाचा प्रत्यय, आणि रशियनमध्ये षष्ठी. या तिन्ही मराठी वाक्यांत ‘ला’ गाळता येत नाही. तरीही इतर भाषांत चतुर्थीची खात्री नाही, म्हणून ‘ला’ची कसोटी येथे पुरी पडत नाही.

वहीत क्रियापद एकटे कधीही लिहू नये. ‘हेल्फन = मदत करणे’ ही नोंद निरुपयोगी; ‘देम किंट हेल्फन = मुलाला मदत करणे’ ही नोंद कामाची. सर्वनामापेक्षा उपपदासह पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी नाम घ्यावे, कारण जर्मनमध्ये ‘आम्हाला’ या अर्थाच्या ‘उन्स’सारखी काही सर्वनामे द्वितीया-चतुर्थीत एकच असतात आणि भेद दिसत नाही. मदत करणे, आभार मानणे, मागे जाणे, उत्तर देणे, विश्वास ठेवणे ही जर्मनमधील चतुर्थीची नेहमीची क्रियापदे. लॅटिनमध्येही विश्वास ठेवणे, क्षमा करणे, इजा करणे यांना चतुर्थी लागते. अशा क्रियापदांचा कर्मणी प्रयोग करून पाहावा. जर्मनमध्ये ‘मला मदत केली गेली’ याचे ‘मिर वुर्दे गेहोल्फन’ होते. चतुर्थी तशीच राहते, प्रथमा होत नाही. साधे कर्म असते तर त्याची प्रथमा झाली असती. एखादे पद खरोखर चतुर्थीत आहे का, याची शंका आली की ही कसोटी लावावी.

जिथे प्रत्यय उरला नाही

इंग्रजी नामांनी चतुर्थी केव्हाच गमावली; ‘हिम’ हे सर्वनाम मात्र मुळात चतुर्थीचे रूप आहे, आणि जुन्या ग्रंथांतील ‘मिथिंक्स’ म्हणजे ‘मला वाटते’ यातही अनुभवणाऱ्याची चतुर्थी टिकून आहे. आज तेथे शब्दक्रम हे काम करतो. आधुनिक ग्रीकनेही चतुर्थी टाकली, आणि तिच्या जागी काय यावे याबाबत देशातच दोन रीती झाल्या: प्रमाणभाषेत व दक्षिणेत षष्ठी, उत्तरेत थेस्सालोनिकीकडे द्वितीया. प्राकृतातही संस्कृत चतुर्थीची जागा बहुतांशी षष्ठीने घेतली होती. लॅटिनच्या वंशजांपैकी रुमानियनने नामांमध्ये चतुर्थीचे रूप राखले, पण तेही षष्ठीशी एकरूप झालेले आहे. चिनी भाषेत ‘देणे’ या अर्थाचे ‘गेइ’ हे क्रियापदच घेणाऱ्याच्या आधी येऊन खुणेचे काम करते.

अशा भाषेपुढे ‘येथे चतुर्थी आहे का’ हा प्रश्न फारसा फळत नाही. त्याऐवजी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर सात वाक्ये लिहावीत: मी मुलाला पुस्तक दिले, मी मुलाला पाहिले, मुलाला भूक लागली, मुलाला ते पुस्तक आवडते, मुलाला दोन बहिणी आहेत, मी गावाला जातो, मी वाचायला बसलो. ही वाक्ये जाणकाराकडून त्या भाषेत करून घ्यावीत आणि मराठीतील प्रत्येक ‘ला’खाली तेथील खूण लिहावी. सातही जागी एकच खूण क्वचितच मिळेल. कोणत्या खुणा जोडीने येतात आणि कोणती एकटी पडते, ते पाहून मगच व्याकरणाचे पुस्तक उघडावे.